दंडाचा उतार: एका वाकीचं प्रकरण

आजींनी स्टीलच्या डब्यातून वाकी काढली तेव्हा आधी नजरेत भरली ती चिंधी. लाल, कधीकाळच्या खणाची असावी. वाकीच्या खालच्या कडेला आतून गुंडाळलेली आणि दोऱ्याने टाचलेली.

"आजी, ही चिंधी कशाला?"

"तिच्याबिगर घसरती की. वर रुतती अन् खाली ढिली राहती. माझ्या सासूनंबी असंच गुंडाळलं व्हतं."

आजींसोबत नात आली होती. परभणीकडच्या एका खेड्यातली, वय चोवीस, कबड्डीतली चढाईपटू. वैशाखात लग्न. तिचं म्हणणं सरळ होतं: "दादा, बाजारातली एकबी वाकी माझ्या दंडात बसंना. चढती ती रुतती, मोठी घेतली तर कोपरावर येऊन बसती. आजीची तर अर्ध्यातच अडकती." आजीची वाकी मोडून नवी करावी असं तिच्या आईने सुचवलं, पण आजींनी डबा पुन्हा मांडीवर ओढून घेतला. तो विषय तिथेच संपला.

आमचं दुकान वडिलांचं. मी आधी शेजारच्या छापखान्यात कोरलड्रॉवर लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करायचो. तिथला हात इथे कामी आला. गेली काही वर्षं दागिन्यांची चित्रं मी इंकस्केपमध्ये काढतो. फुकट मिळतं आणि मिलिमीटरमध्ये आकडे टाकता येतात, मला तेवढं पुरतं. पण या कामात संगणकाचा भाग शेवटून दुसरा आला, आणि मी तो पहिला धरला म्हणून एक आठवडा वाया गेला. ते पुढे येईलच.

माप

वडिलांची पद्धत दोऱ्याची. दंडाला दोरा गुंडाळायचा, गाठ मारायची आणि तेवढा पत्रा कापायचा. बांगडीला हे चालतं, कारण बांगडी सैलच असते. वाकी दंडावर टिकून राहायला हवी आणि दंड म्हणजे नळी नाही. तो कोपराकडे निमुळता होत जातो. शिवाय तो हलतो.

मी टेप घेतली आणि कोपराच्या घडीपासून वर मोजत पेनाने तीन खुणा केल्या: ७ सेंटिमीटर, ९.४ सेंटिमीटर आणि १३ सेंटिमीटर. खालच्या दोन खुणांमधलं अंतर २४ मिलिमीटर, कारण वाकीची रुंदी तेवढी ठरली होती. लग्नातल्या ब्लाउजची बाही चढवूनच मापं घेतली. वाकी बाहीवर बसणार होती. अस्तरासकट कापड एक मिलिमीटर जाड असेल तरी घेर सहा मिलिमीटरने वाढतो, कारण वाढ त्रिज्येत होते आणि घेराला तिच्या सव्वासहा पट लागते. उघड्या दंडावर माप घेऊन बाहीवर घालायला दिलेल्या वाक्या परत येतात, त्याचं बरंचसं कारण हेच.

प्रत्येक खुणेवर दोन मापं घेतली. एक हात सैल सोडून, दुसरं कोपर काटकोनात वाकवून मूठ आवळल्यावर. उजव्या हाताचे आकडे असे आले. १३ सेंटिमीटरवर सैल २९८ मिलिमीटर, आवळल्यावर ३२४. म्हणजे २६ मिलिमीटरचा फरक. ९.४ वर २८६ आणि २९८. ७ वर २७६ आणि २८०.

या सहा आकड्यांनी निम्मं काम ठरवून टाकलं. फोटोतल्या नवऱ्या मुली वाकी दंडाच्या मधोमध घालतात आणि हिलाही तिथेच हवी होती. पण मधोमध म्हणजे बेटकुळीचं पोट. चढाईपटूची बेटकुळी हात आवळला की फुगते आणि वर सरकते, त्यामुळे सगळा फरक तिथेच गोळा होतो. त्याच्या खाली, कोपराच्या बाजूला, फरक निम्म्याहून कमी. सैल हाताच्या मापाने मधोमध घट्ट वाकी केली असती तर वरमाला घालायला हात उचलताना तिला कळ आली असती. फुगलेल्या मापाने केली असती तर ती कोपरावर उतरली असती, म्हणजे पुन्हा बाजारातलीच वाकी.

"चार बोटं खाली घे," मी म्हणालो.

"एवढी खाली? मग काठ झाकतो की!" हे आईचं. बाहीला पैठणीचा जरीकाठ होता आणि वाकी नेमकी त्याच्यावर येणार होती. मुद्दा रास्त होता. वाकी जाळीची करू, जरी जाळीतून दिसेल, असं तेव्हा सुचलं म्हणून बोलून गेलो. पुढे तोच घाट ठरला आणि वजनही त्यानेच उतरवलं.

डाव्या हाताची मापं घेताना आणखी एक गोष्ट कळली. डावा दंड वर २८० आणि खाली २७१. चढाईत उजवा हात जास्त पुढे जातो, तो भरलाय. जोडी एकसारखी दिसली पाहिजे, पण मापं दोन. बाजारात जोडी एकाच मापाची मिळते आणि आपण दोन्ही हात सारखे धरून चालतो. ते कुणाचेच सारखे नसतात, खेळाडूचे तर नाहीतच.

उलगडलेली पट्टी

आता चिंधीचं कोडं. सरळ पट्टी कापून वळवली तर नळी होते, तिचा वरचा आणि खालचा घेर सारखा. दंडाचा वरचा घेर खालच्यापेक्षा १० मिलिमीटर मोठा. म्हणून पट्टी वरच्या कडेला रुतते आणि खालच्या कडेला पोकळी राहते. ती पोकळी भरायला चिंधी. दोन पिढ्यांनी तो एक सेंटिमीटर कापडाने भरून काढला होता.

दंडाचा तेवढा तुकडा छिन्न शंकूसारखा, म्हणजे टोक कापलेल्या शंकूसारखा असतो. बादलीचा उभा पत्रा एका बाजूने कापून जमिनीवर पसरला तर तो सरळ पट्टा होत नाही, चंद्रकोरीसारखा वाकतो. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना मी हे समजावायला लागलो तर त्यांनी मला मध्येच थांबवलं: "अंब्रेला घागऱ्यासारखं ना?" बरोबर तसंच. घेरदार घागऱ्याची कळी हीच आकृती, फक्त तिथे उतार फार आणि इथे नावाला.

हिशोब एवढाच. मोठ्या कमानीची त्रिज्या = रुंदी × वरचा घेर ÷ दोन घेरांतला फरक. २४ × २८६ ÷ १० = ६८६.४ मिलिमीटर. आतल्या कमानीची त्रिज्या त्यातून २४ वजा, ६६२.४. कमानीचा कोन फरक भागिले रुंदी, म्हणजे १० ÷ २४ रेडियन, साधारण २३.९ अंश.

आकडे कागदावर कोरडे वाटतात, म्हणून एक गोष्ट हाताने करून पाहावी. ही पट्टी छापून कापा आणि दोन्ही टोकं सरळ पट्टीला टेकवा. मधला भाग पट्टीपासून १४-१५ मिलिमीटर वर उचललेला दिसतो. घेरातला फरक फक्त १० मिलिमीटरचा, आणि पट्टी मधोमध जवळजवळ दीड सेंटिमीटर फुगते. वडिलांनी कागद हातात घेऊन दोनदा उलटसुलट केला. "हे वाकडं कापलंय," म्हणाले. मी तो त्यांच्याच दंडाला गुंडाळला. दोन्ही कडा एकदम टेकल्या. त्यावर ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून आजीच्या वाकीची आतली कड पाहत बसले.

इंकस्केपमध्ये काढताना एकच अडचण येते. कमानीचं केंद्र पानाच्या बाहेर पडतं, जवळजवळ पाऊण मीटर खाली. घाबरायचं कारण नाही. तिथे दोन मार्गदर्शक रेषा टाकायच्या, वर्तुळाच्या त्रिज्या आकड्यांनी भरायच्या आणि सुरुवातीचा व शेवटचा कोन द्यायचा. माउसने ओढून अंदाजे कमान काढणाऱ्याला ही आकृती कधीच नीट जमत नाही, कारण एवढी सपाट कमान डोळ्याला सरळच दिसते.

छापताना प्रिंटरच्या खिडकीतलं "पानात बसवा" बंद करायला विसरू नका. ते चालू राहिलं तर सगळं चित्र गुपचूप दोन-तीन टक्क्यांनी आक्रसतं. ही चूक मी पूर्वी केली होती, या वेळी नाही. या वेळी दुसरीच केली.

लंबगोल, आणि माझा वाया गेलेला आठवडा

दंड निमुळता आहे हे झालं. पण तो गोलही नाही. पुढून मागे जास्त जाड असतो, बेटकुळी पुढे आणि मागचा स्नायू मागे. कॅलिपरने मोजलं तर ९.४च्या खुणेवर, म्हणजे वाकीच्या वरच्या कडेला, पुढून मागे ९८ मिलिमीटर आणि आडवं ८४.

टेपचं माप आणि कॅलिपरचं माप एकमेकांशी जुळतात का ते पडताळून घ्यावं. लंबगोलाच्या घेराला साधं अचूक सूत्र नाही. रामानुजन यांनी १९१४च्या आपल्या निबंधात दिलेलं एक सुंदर अदमासी सूत्र आहे, ते वापरलं तर अर्ध्या अक्षांच्या ४९ आणि ४२ वरून घेर २८६.३ येतो. टेप २८६ म्हणत होती. मन भरलं. खरं सांगायचं तर एवढ्या कमी चपट्या लंबगोलाला दोन्ही अर्ध्या अक्षांची बेरीज करून तिला पायने गुणलं असतं तरी २८५.९ आलं असतं. रामानुजन लावायची गरज नव्हती, पण लावायची हौस होती.

याच घेराचं गोल वर्तुळ काढलं तर व्यास ९१ येतो. म्हणजे गोल ठोकळ्यावर वळवलेली वाकी या दंडाला पुढे-मागे साडेतीन मिलिमीटर दाबते आणि दोन्ही बाजूंना साडेतीन मिलिमीटर मोकळी राहते. रुतते आणि घसरते या दोन्ही तक्रारी एकाच दागिन्याबद्दल एकाच वेळी का येतात, ते इथे कळतं.

आमच्याकडे वळवायला गोल लाकडी ठोकळा होता. लंबगोल, निमुळता ठोकळा करून घ्यायचा तर सुताराकडे जावं लागलं असतं. त्याऐवजी मी ३ मिलिमीटरच्या एमडीएफच्या, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीच्या, आठ चकत्या लेझरने कापून घ्यायचं ठरवलं. सर्वांत वरची ९८ बाय ८४, सर्वांत खालची ९४.६ बाय ८१.१, मधल्या टप्प्याटप्प्याने लहान. आठ त्रिक चोवीस, बरोबर वाकीची रुंदी. एकावर एक चिकटवून पायऱ्या घासल्या की ठोकळा तयार. एका पेनड्राइव्हवर फाइल भरून छत्रपती संभाजीनगरच्या एका लेझरवाल्याकडे पाठवली. परत आलेल्या चकत्या चिकटवल्या, वर व्हर्नियर लावून उंची तपासली. नेमकी २४. खूश.

कारागिराने कागदावरून तांब्याची चाचणी पट्टी हाताने कापली. तांबं स्वस्त आणि वळायला चांदीच्या जवळचं. तापवून मऊ केलं आणि ठोकळ्यावर वळवलं. दोन टोकांमध्ये ४० मिलिमीटरची फट राहायला हवी होती. राहिली ५९.

धातू वळवून सोडला की थोडा मागे उलगडतो हे सगळ्यांना माहीत. मला वाटलं हे तेच. पुन्हा तापवलं, पुन्हा वळवलं. ५९. जास्त ताणून वळवलं, आकार बिघडला. दोन दिवस मी तांब्याला दोष देत होतो आणि कारागीर मान हलवत होता. शेवटी तोच म्हणाला, "दादा, उलगडलं असतं तर टोकं बाहेर गेली असती. ही तर ठोकळ्याला चिकटून बसलीत. ठोकळा मोजा."

मोजला. ९८ ऐवजी १०४.५.

भागाकार केला: १.०६६७. हा आकडा ओळखीचा निघाला, ९६ भागिले ९०. इंकस्केपची फाइल आतून पिक्सेलमध्ये मापं ठेवते. ०.९१ आवृत्तीपर्यंत एका इंचात ९० पिक्सेल धरले जायचे, जानेवारी २०१७च्या ०.९२ पासून ते ९६ झाले. माझी फाइल ९६ची होती, कापणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम जुना, ९०च धरणारा. म्हणून सगळं पावणेसात टक्के फुगलं. आणि मी तपासलेली एकमेव मिती कुठली, तर उंची, जी चित्रावर अवलंबूनच नव्हती, फळीच्या जाडीवर होती. लेझरवाल्याची काही चूक नाही. त्याला जे दिलं ते त्याने कापलं.

त्यानंतर बाहेर पाठवायच्या प्रत्येक फाइलमध्ये कोपऱ्यात ५० मिलिमीटरचा एक चौकोन टाकतो आणि त्यावर "हा ५० भरला तरच पुढचं कापा" असं लिहितो. त्या दिवशी तो असता तर ५३.३ भरला असता आणि गोष्ट तिथेच थांबली असती.

नव्या चकत्या आल्यावर तांब्याची पट्टी वळवली तेव्हा फट ४६ राहिली. हे मात्र खरं उलगडणं होतं. ठोकळा कानशीने सगळीकडून थोडा उतरवला आणि तिसऱ्या वळणाला ४०वर आलो.

फट आणि गोफ

वाकी पूर्ण वेढा घालत नाही हे आतापर्यंत लक्षात आलं असेल. हात आवळल्यावर वरची कड १२ मिलिमीटरने वाढते, तेवढी मुभा कुठेतरी द्यावी लागते. फिरकीची बंद वाकी ती देत नाही. म्हणून दंडाच्या आतल्या, बरगडीकडच्या बाजूला ४० मिलिमीटरची फट ठेवली आणि ती दोन गोफांनी जोडली. वर लवचीक दोरा घालून विणलेला गोफ, कारण वरची कड ४० वरून ५२ वर जाते. खाली साधा रेशमी, कारण तिथे वाढ फक्त ४ मिलिमीटरची आणि तेवढी रेशमाची गाठ देते. दोन्हीकडे लवचीक घातला असता तर वाकी वरून ढकलली जाऊन हळूहळू खाली उतरली असती. पत्र्याच्या जाडीमुळे वळवल्यावर घेरात अडीच मिलिमीटरचा फरक पडतो, तोही या फटीतच मुरला.

कड्या बाहेर न काढता टोकांच्या आत बसवल्या. बरगडीकडे बाहेर आलेली कडी साडी ओढते, पैठणीचा एक धागा निघाला की मग नवरीची आई काय बोलते ते ऐकण्याची ताकद माझ्यात नाही.

नक्षी

काठ पैठणीचाच घ्यायचा ठरलं. मध्ये बांगडी-मोर, कडांना नारळी. नारळी म्हणजे ओळीने त्रिकोण, आणि इथे भूमिती पुन्हा आडवी आली. वरच्या आणि खालच्या कमानीची लांबी वेगळी, मग त्रिकोणही वेगळे. सरळ ओळ काढून ती वाकवली तर ते ताणलेले दिसतात. म्हणून एकच त्रिकोण काढून तो पानाबाहेरच्या केंद्राभोवती अर्ध्या-अर्ध्या अंशाने फिरवला. इंकस्केपमध्ये फिरवण्याचा बिंदू वस्तूपासून कितीही लांब नेऊन ठेवता येतो, आणि टाइल्ड क्लोन्समध्ये दर प्रतीला किती फिरवायचं ते टाकता येतं. फट वगळून धातूची कमान साडेवीस अंशांची राहत होती, म्हणजे ४१ त्रिकोण. विषम संख्या मुद्दाम ठेवली, मोराच्या बरोबर वर एक यावा म्हणून. वरच्या कडेला एकाची रुंदी ६ मिलिमीटर, खालच्या कडेला पावणेसहा. डोळ्याला फरक दिसत नाही, पण सगळे सरळ उभे राहतात.

डाव्या हाताच्या वाकीची त्रिज्या वेगळी, ७४७. तिथे अर्धा अंश ठेवला असता तर त्रिकोण मोठे झाले असते आणि जोडी जुळली नसती. म्हणून संख्या ४१च ठेवली आणि कोन ०.४५ अंशावर आणला. मोर उलटा केला, दोन्ही मोर समोर बघावेत म्हणून.

चांदी लेझरने कापायचा विचार सोडून दिला. एमडीएफ कापणारं सीओटू लेझर चांदीवर नुसतं चमकतं, किरण परत फिरतो. जाळी हाताच्या करवतीनेच झाली. कारागिराने छापील कागद पत्र्यावर चिकटवला, प्रत्येक कोपऱ्यात बारीक भोक पाडलं आणि मग पातं आत घातलं. त्याची एक अट होती: दोन भोकांमधली धातूची पट्टी ०.८ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. माझ्या मोराच्या तुऱ्यातल्या तीन रेषा ०.४च्या होत्या. पडद्यावर शंभर पट मोठ्या करून पाहताना सगळंच जाड दिसतं. मी तुरा एकच ठेवला. चित्र साधं झालं आणि मला तेच जास्त आवडलं.

वजन

भाव विचारला जाण्याआधी वजन सांगता आलं, हा सॉफ्टवेअरचा खरा फायदा. पट्टीचं क्षेत्रफळ साधारण ५,७९० चौरस मिलिमीटर. जाडी ०.८, म्हणजे ४.६३ घन सेंटिमीटर. ९२.५ टक्के शुद्ध चांदीची घनता १०.३६, म्हणजे भरीव वाकी ४८ ग्रॅमची. जाळीची भोकं इंकस्केपच्या मेझर पाथने मोजली, ३५ टक्के जागा मोकळी होती. राहिले ३१ ग्रॅम, बोलीभाषेत तीन तोळे. जोडीचे सहा. सोन्यात करायची म्हटली असती तर बावीस कॅरेटची घनता पावणेअठराच्या आसपास, वजन त्याच प्रमाणात चढलं असतं. वडिलांनी आकडा सांगितला, मुलीच्या बापाने पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि चांदीवर सोन्याचा मुलामा ठरला. मुलामेवाल्याला एक गोष्ट ठासून सांगितली: खाली निकेलचा थर देऊ नको. घामाच्या दिवसांत निकेल कातडीला लागलं की कित्येकांना पुरळ येतं.

घामावरून आठवलं. आईने विचारलं होतं, "उन्हाने चांदी फुगती का?" फुगते, पण वीस अंश तापमान चढलं तर एवढ्या पट्टीत मिलिमीटरचा दहावा हिस्सा. फुगतो तो हात. म्हणून शेवटची फिटिंग मी मुद्दाम चैत्रातल्या संध्याकाळी, ती सराव करून आली तेव्हा ठेवली. वाकी चढवली, तिने दोन्ही हात वर केले, मग चढाईला निघाल्यासारखी वाकली, एक हात पुढे, पंजा उघडा. वाकी जागेवर. दहा मिनिटांनी काढली तेव्हा बाहीवर दोन्ही कडांचा ठसा सारखा होता, वरचा गडद नाही आणि खालचा फिका नाही. आजींनी तो ठसा बोटाने चाचपला.

लग्नाच्या दिवशी

फोटो आले तेव्हा काहीतरी खटकलं. दोन्ही मोर पाठीमागे बघत होते.

सजवणाऱ्या बाईंनी डावी वाकी उजव्या हातात आणि उजवी डाव्या हातात घातली होती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं आणि वाकीवर तशी खूण नव्हती. डाव्या हातातली सैल झाली आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत कोपरावर उतरली. उजव्या दंडावर रात्री एक लाल रेघ होती, तिने फोनवर सांगितलं, तक्रार म्हणून नाही, सहज बोलता बोलता. "वर लवचीक व्हता म्हणून निभावलं, दादा."

आठवड्याने ती माहेरी आली तेव्हा जोडी दुकानात घेऊन आली. कारागिराने दोन्ही वाक्यांच्या आत, गोफाच्या कडीजवळ, ठशाने एक-एक अक्षर मारलं. एकीवर "उ", दुसरीवर "डा". आजी या वेळी आल्या नव्हत्या, पण त्यांचा डबा आला होता. आत त्यांची वाकी, चिंधी काढलेली, आणि दोऱ्याचे दोन तुकडे, गाठ मारलेले, एक जरा लांब आणि एक जरा आखूड.